पंजा उचलेना

मी साडेचार तास उकिडवा बसलो आणि मधे एकदाही उठलो नाही. कारण एवढंच, की मेव्हणा म्हणाला होता, "दाजी, तुमच्यानं व्हायचं न्हाई."

पुढं पाय गेल्याचं कळलं तेव्हा महिनाभर मी भेटेल त्याला हेच सांगत फिरलो, की माझा पाय बालाजीनं घालवला. बालाजी म्हणजे हाच मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. ते पूर्ण खरं नव्हतं. का नव्हतं ते सांगेन, पण माझी लाज थोडी थोडी निघू द्या.

मी ताडकळसच्या शाळेत पीटीचा मास्तर. राहतो चुडाव्याला, रोज मोटरसायकलवर जाऊन-येऊन. चोवीस वर्षं "सावधान" आणि "विश्राम" ओरडल्यामुळे जगात सगळे आपलं ऐकतात अशी माझी समजूत झालेली होती. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सासुरवाडीला होतो, गंगाखेडच्या अलीकडे. हरभऱ्याची काढणी चाललेली. हरभरा दव आहे तोवर उपटायचा असतो, ऊन तापलं की घाटे गळतात. माणसं सकाळीच आपापली ओळ, म्हणजे पात, धरून बसली. मी बांधावर उभा राहून चार सूचना केल्या, तेव्हा बालाजी ते वाक्य बोलला.

बायका मधे उठायच्या, कंबर सरळ करायच्या, पाणी प्यायच्या. बालाजीही दोनदा उठला. मी नाही उठलो. मी पीटीचा मास्तर. अकरा वाजता माझी पात सगळ्यांच्या आधी संपली. मी पैज जिंकलो. कशाची होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग उठलो, आणि उपटलेल्या हरभऱ्यात तोंडावर पडलो.

"दाजी, जमीन मोजायलाव का?" बालाजी म्हणाला. सगळं रान हसलं. मीही हसलो. मुंग्या आल्यात, जातील.

चपलेचा दोष

मुंग्या गेल्या. त्यांच्या मागोमाग आणखी काहीतरी गेलं, ते मला कळलं नाही. न कळण्याचं एक कारण माझी मोटरसायकल. तिचे सगळे गिअर पायानं खाली दाबून पडतात, पंजा वर उचलावा लागत नाही. दुसऱ्या कुठल्या गाडीवर असतो तर त्याच संध्याकाळी समजलं असतं.

त्याऐवजी मला समजलं ते असं, की डाव्या पायातली चप्पल टिकत नाही. घरातून दोन चपलांनी निघायचं आणि दुकानात एका चपलेनं पोचायचं. मागं वळून बघावं तर दुसरी रस्त्याच्या मधोमध, एखादं कुत्रं तिचा वास घेतंय. ती सुटल्याचं पायाला कळतसुद्धा नव्हतं. मी ठरवलं, चप्पल सैल आहे. नवी घेतली. तीही सैल निघाली. मग एक नंबर लहान घेतली. उजव्या पायाला फोड आले, डावीकडची तरीही पडायचीच.

तिसऱ्या खेपेला ताडकळसच्या बाजारात चपला शिवणाऱ्या काकांकडे गेलो आणि म्हणालो, पट्टा आवळून द्या. त्यांनी चप्पल हातात घेतली, उलटी केली. डाव्या चपलेचा पुढचा भाग बोटांपाशी घासून कागदासारखा झालेला होता.

"सर, चप्पल चांगली हाय," ते म्हणाले. "पाय दाखवा."

"पायाला काय झालंय?"

"ते डॉक्टर सांगंल. पण तुमी पाय उचलत न्हाईत, वढायलाव. चाळीस वर्सं झाले, मी माणसं तळव्यावरनंच वळखतो."

ह्या आजाराचं पहिलं बरोबर निदान हे. मी ते हसण्यावारी नेलं आणि पट्टा आवळून घेतला.

मग शेजाऱ्यानं सांगितलं, वात धरलाय, विटेनं शेका. मी वीट तापवली, फडक्यात गुंडाळली, पंजाच्या वरच्या बाजूला ठेवली आणि पेपर वाचत बसलो. छान वाटत होतं, म्हणजे काहीच वाटत नव्हतं. आमची कुशावर्ता स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, काय जळायलंय?" मी म्हणालो, तुझी भाजी असेल. भाजी नव्हती.

वाचणाऱ्यापैकी कुणाच्या हातापायाला बधिरपणा असेल तर एवढं ऐका: जिथं कळत नाही तिथं शेकू नका. त्या भाजल्याचा डाग पंजावर आजही आहे. कुशा तो पाहुण्यांना दाखवते.

नवी चाल

पंजा लोंबकळत असेल तर माणूस नकळत एक युक्ती करतो. बोटं जमिनीला अडकू नयेत म्हणून गुडघा जास्त वर घेतो आणि मग पाय खाली टाकतो. थप. मी असा चालायला लागलो होतो आणि मला वाटत होतं की मी ते झकास लपवतोय.

एक मेच्या झेंडावंदनाची कवायत मीच बसवली. रोज पुढं उभं राहून "एक-दोन, एक-दोन" करत चालून दाखवायचो. पोरं माझ्याकडं बघून शिकायची, चोवीस वर्षं तशीच शिकत आली आहेत.

एक मेला मी पहिल्यांदा पुढं न चालता बाजूला उभा राहिलो आणि शिट्टी वाजवली. नववीची तुकडी निघाली. साठ डावे गुडघे एकदम पोटापर्यंत गेले. साठ डावे पंजे जमिनीवर आपटले. थप. उजवा पाय साधा. डावा, थप.

हेडमास्तर माझ्या कानाशी वाकले. "सर, यंदा काहीतरी नवीन बसवलंत. रुबाबदार आहे."

मी "हो सर" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? स्वतःचा पाय आपटताना मला एवढासा आवाज यायचा. आता तोच आवाज साठपट होऊन मैदानभर घुमत होता आणि मला पहिल्यांदा नीट ऐकू येत होता. माझं सगळं आयुष्य पोरांना पाय उचलायला शिकवण्यात गेलेलं. हा पाय गेला तर मैदान गेलं. मग मी कोण? ऑफिसात बसून दाखले लिहिणारा कुणीतरी.

झेंडावंदन झाल्यावर साहित्याच्या खोलीत गेलो, दार लावलं, लेझमांच्या ढिगाशेजारी बसलो आणि पंजाला म्हणालो, "वर." तो तसाच राहिला. मी परत म्हणालो, शिट्टीच्या आवाजात. लेझमाच्या चकत्या किणकिणल्या, तो हलला नाही.

करंट

चुडाव्याहून पॅसेंजरनं नांदेडला गेलो. बरोबर कुशा. शिरांचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मॅडम होत्या, वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या.

"पंजा वर करा," त्या म्हणाल्या.

मी केला.

"करा ना."

"केलाय की."

"सर, खाली बघा."

मी बघितलं. गुडघा वर आलेला, मांडी ताठ, जबडासुद्धा आवळलेला. पंजा मात्र ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. मला शपथेवर वाटत होतं की तो वर आहे. भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त नवल वाटलं. माझ्याच अंगात कुणीतरी हुकूम मधल्यामध्ये अडवून धरला होता, आणि कुणी ते मला जाणून घ्यायचंच होतं.

मग करंटची तपासणी. पायाला चिकटपट्ट्या लावतात आणि ठिकठिकाणी झटके देतात. लिहिलेलं वाचून वाटतं तेवढं भयंकर नसतं, पण मजेचंही नसतं. मी प्रत्येक झटक्याला "हा कशाचा?" विचारत होतो. यंत्रापाशी बसलेला गृहस्थ शेवटी म्हणाला, "सर, तुम्ही आधी 'आई गं' म्हणा, मग विचारा. लोक तसंच करतात." पडद्यावर एका जागेपर्यंत रेघेला उंचवटा येत होता, त्याच्या पुढं रान सपाट.

ती जागा मॅडमनी माझंच बोट धरून दाखवली. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला, एक हाडाचा गोटा लागतो. त्याच्या मानेला वळसा घालून एक शीर पुढं येते. वर फक्त कातडी. पंजा उचलायचा सगळा कारभार ह्या एका शिरेकडं. एवढी महत्त्वाची वस्तू आणि अशी उघड्यावर ठेवलेली! मला आश्चर्य आवरेना. परतीच्या गाडीत मी समोरच्या तीन प्रवाशांना त्यांचा गोटा शोधून दिला. चौथ्याकडं वळलो तेव्हा कुशानं माझा हात धरला.

"लोकायचे गुडघे धरू नका. उतरवून देतील आपल्याला."

वाक्याचा दुसरा भाग

आता ती लाज. मॅडम मला म्हणाल्या होत्या, "शिरेवर पाण्याची गाठ दिसते, वर्षभराची तरी असेल. ती आधीपासून दाबत होती, त्यात तुम्ही इतका वेळ उकिडवे बसलात. शीर तुटलेली नाही, दबली आहे. वाट मोकळी करून देऊ. मग ती जागी होईल की नाही, ते बघायचं." कुशा तेव्हा बाहेर कागदांच्या रांगेत उभी होती.

घरी मी सांगितलं, "उकिडवं बसल्यानं शीर दबली. ऑपरेशन आहे."

गाठ गाळली. खोटं असं काही बोललो नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे ती गाठ मला आवडलीच नाही. मेव्हण्यानं पाय घालवला ह्याला एक गोष्ट आहे, माणसं ऐकतात, चहा सांगतात. पाण्याच्या गाठीला कोण चहा सांगतो?

पण त्या गोष्टीमुळं घरात काय चाललंय ते मी बघितलं नाही. कुशानं भावाला फोन करणं सोडलं होतं. सासूबाईंनी तिला विचारलं तर ही म्हणायची, "माझ्या माणसाचा पाय गेलाय, आई." मग फोन ठेवून पदरानं तोंड पुसायची आणि मला वाढायला यायची.

उन्हाळी सुट्टीत ऑपरेशन ठरलं. दवाखान्याच्या दारात बालाजी पिशवी घेऊन उभा होता. कुणी बोलावलं नव्हतं. बहिणीला म्हणाला, "तू जा घरी. मी राहतो दाजीपाशी." ती माझे कपडे त्याच्या हातात देऊन निघून गेली.

वॉर्डात माझ्या शेजारच्या कॉटवर खाजामामा होते, परभणीचे जुने शिंपी. कात्री चालवून चालवून त्यांच्या मनगटातली शीर दबलेली. सुई हातातून पडायची. पहिल्याच तासात आम्ही एकमेकांच्या शिरांचे नकाशे काढले.

"तुमारा पाँव, हमारा हात," ते म्हणाले. "दोनो का अच्छा अच्छा निकालके जोडे तो एक आदमी बनता क्या, मास्टर?"

"शिवणार कोण, मामा?"

"वो बी सही हय."

कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, मी जागा होतो. मधे पडदा. वरच्या दिव्याच्या चकचकीत कडेत काहीतरी लालसर दिसत होतं आणि मी मान ताणून बघायला लागलो. "आता काय चाललंय? शीर दिसली का? कसल्या रंगाची आहे?"

"पांढरी," मॅडम म्हणाल्या. "आणि सर, मलासुद्धा शाळेत पीटीच्या तासाला गप्प बसवायचे."

मी गप्प बसलो. थोड्या वेळानं त्या आपणहून म्हणाल्या, "मोकळी झाली." ह्या दोन शब्दांवर मी दोन दिवस काढले.

ते दोन दिवस बालाजी कॉटखाली चटई टाकून होता. मला धरून न्यायचा, आणायचा. उशी पायाखाली नीट सरकवून द्यायचा. जेवण आणलं की मी जेवेपर्यंत स्वतः घास घ्यायचा नाही. आणि मी? मी म्हणायचो, "बालाजी, डाळ जरा आळणी आहे." असा मी माणूस.

दुसऱ्या दिवशी मॅडम फेरीवर आल्या. पट्टी बघितली आणि बालाजीला म्हणाल्या, "तुम्ही भाऊ का? गाठ सगळी निघाली. वर्षभराचीच होती. ह्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

त्या पुढच्या कॉटकडं गेल्या. बालाजी माझ्याकडं बघत राहिला. मी छताच्या पंख्याकडं बघितलं. पंखा बंद होता, तरी मी त्याच्याकडंच बघत राहिलो.

"चहा आणतो," तो म्हणाला आणि गेला. तास झाला, दोन झाले. चटई गुंडाळून भिंतीला लावलेली. मामांना सगळं समजलं होतं. ते भिंतीकडं तोंड करून पडले, आणि तेच जास्त लागलं. मला पायाची जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी त्या दुपारी दाराची वाटली.

चार वाजता तो आला. हातात थर्मास. माझ्यासाठी कपात चहा ओतला, मग बसला.

"दाजी, महिना झाला," तो म्हणाला. "मी जेवायला बसलो की मला ताटात तुमचा पाय दिसायलता. मी मायला बी बोललो न्हाई. कामून केलं असं?"

माझ्याकडं उत्तर होतं, पण ते उच्चारण्यासारखं नव्हतं. गोष्ट चांगली होती म्हणून, असं कसं सांगू? मी म्हणालो, "चुकलं, बालाजी." वयानं लहान माणसाला हे शब्द मी चोवीस वर्षांत म्हटले नव्हते. तोंडाला वळणच नव्हतं.

त्यानं थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. मग म्हणाला, "डाळ आळणीच हुती. मी मीठ घालू नका म्हणलं हुतं त्यायला." आणि त्यानं चटई परत अंथरली.

कुशाला त्यानं नाही सांगितलं. मीच सांगितलं, घरी आल्यावर. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मात्र भावाशी रोज अर्धा तास फोनवर बोलायची, माझ्यासमोर बसून, मोठ्यानं.

वाट

ऑपरेशन झालं की पाय उचलेल, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. दाबणारं निघालं तरी शीर आपल्या वेळेनं जागी होते, आणि किती वेळ ते कुणीच छातीठोक सांगत नाही. तोवर बुटात प्लास्टिकची पट्टी घालायची, ती पंजा धरून ठेवते. घोटा आखडू नये म्हणून रोज हातानं वर-खाली करायचा. आणि दिवसातून तीनदा मनातून हुकूम द्यायचा, पाय ऐको न ऐको. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "हुकूम द्यायची मला सवय आहे." त्या म्हणाल्या, "कुणी ऐकत नसताना द्यायची आहे का?"

नव्हती. जून गेला, जुलै गेला. पंधरा ऑगस्टला मी मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसलो आणि गणिताच्या सरांनी शिट्टी वाजवली. पोरं सरळ, साधी चालली, दोन्ही पाय सारखे. ते बघून बरं वाटायला हवं होतं. हेडमास्तर जवळ येऊन हळूच म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर ऑफिसात तुमच्यासाठी टेबल टाकू." ते चांगल्या मनानंच बोलले होते. मला रात्रभर ते टेबल दिसत राहिलं.

ह्या काळात कुणी विचारलं "कसा आहे पाय?" की चिडायचो. नाही विचारलं तरी चिडायचो. कुशा म्हणाली, "पाय एक झोपलाय, पण तरास चौघांचा देयलाव." तिचं खरं होतं. जे ह्यातून जात असतील त्यांना सांगतो: हा भाग ऑपरेशनपेक्षा अवघड आहे, आणि ह्याला भूल देत नाहीत. मला उपयोग झाला तो खाजामामांच्या फोनचा. दर शुक्रवारी दुपारी नमाजनंतर त्यांचा फोन यायचा. "मेरा अंगूठा सुई पकडा आज. तुमारा?" "अजून नाही, मामा." "आयेगा, आयेगा. पाँव का रस्ता लंबा हय, हात सें."

दिवाळी झाली. भाऊबीजेला बालाजी आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीत मी खुर्चीवर पाय पसरून बसलो होतो. कुशा सुपात तूर निवडत होती, बालाजी निघायच्या तयारीत पिशवी भरत होता. मी दुपारचा हुकूम दिला, सवयीनं, जवळजवळ कंटाळून. वर.

अंगठा हलला.

मी परत म्हणालो. नखाची कड तांदळाच्या दाण्याएवढी वर आली आणि खाली गेली. मला ओरडायचं होतं, पण आवाजच निघेना. मी नुसता हात हलवला. बालाजी पिशवी टाकून गुडघ्यावर बसला. कुशा सूप घेऊनच आली.

"परत करा," ती म्हणाली.

केलं. अंगठा उचलला. तिनं वाकून त्याच्यावर बोट ठेवलं, लहान बाळाच्या श्वासावर ठेवतात तसं. "परत." पुन्हा तिच्या बोटाला तो लागला. तिचे डोळे भरले, तिनं ते दंडाला पुसले. बालाजी नुसता "दाजी, दाजी" करत होता.

मग माझा आवाज परत आला, आणि मला जे येतं तेच मी सुरू केलं. की बघा, सहा महिने मी हार मानली नाही, की हा इच्छाशक्तीचा विजय आहे, की शेवटी शिस्त म्हणजे काय, मी तर शाळेत पोरांना नेहमी सांगतो...

कुशा उठली. सुपातली तूर एकदा वर उडवून झेलली.

"अंगठ्याला आली बघा अक्कल," ती भावाला म्हणाली. "आता राहिलेल्या माणसाची वाट बघायची."